पणजोबांची पलटण कशी शोधावी

बेंगळुरूच्या दक्षिणेला बेगूर गावात पंचलिंगेश्वराचे जुने देऊळ आहे. तिथला नवव्या शतकाच्या अखेरीचा एक वीरगळ सांगतो, की बेंगळुरूच्या लढाईत बुट्टणसेट्टी मारला गेला. या शहराचे नाव दगडावर पहिल्यांदा सापडते ते इथे, लढाईत पडलेल्या एका माणसाच्या नावाशेजारी. अकराशे वर्षांपूर्वीचा तो माणूस, त्याची लढाई आणि लढाईची जागा हे सारे आजही वाचता येते. याच शहरातून शंभर-एकशेदहा वर्षांपूर्वी बसऱ्याला, इजिप्तला, पूर्व आफ्रिकेला गेलेल्या माणसांबद्दल मात्र त्यांच्या पणतवंडांना बहुधा एवढेही सांगता येत नाही. ‘आजोबांचे वडील जर्मनच्या लढाईत होते’, इथेच गोष्ट थांबते.

ती पुढे नेता येते. पहिल्या महायुद्धात १३ लाखांहून अधिक भारतीय परदेशी किंवा देशात लष्करी कामावर होते आणि त्यांतले सुमारे ७४,००० जण परतले नाहीत. एवढ्या माणसांना पगार, शिधा, पदके आणि निवृत्तिवेतन द्यायचे तर कागद लागणारच. त्यांतला बराच कागद नष्ट झाला आहे, पण सगळा झालेला नाही. उरलेला कागद कुठे असू शकतो आणि तो कोणत्या नावाने मागायचा, हे कळले की निम्मे काम होते. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला यात एक सोय आहे. तीन वेगवेगळ्या लष्करांचे धागे या शहरातून जातात: म्हैसूर संस्थानचे घोडदळ, इंग्रजांच्या छावणीतल्या पलटणी आणि मद्रास सॅपर्स, म्हणजे लष्करी अभियंते. बेळगावचे मराठा केंद्रही एका रात्रीच्या प्रवासावर आहे. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूर मुलखात राहिलेली मराठी घराणी आणि नोकरीसाठी सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीहून इथे आलेली कुटुंबे या दोघांनाही इथून सुरुवात करता येते.

शोधणाऱ्याच्या हाती चार गोष्टी हव्यात: नाव, गाव, पलटण आणि नंबर. चारही एकदम मिळत नाहीत. दोन मिळाल्या तर उरलेल्या दोन शोधता येतात. नुसते नाव घेऊन संग्रहालयांचे उंबरे झिजवणाऱ्याला मात्र काहीच मिळत नाही, कारण त्या काळच्या मराठा पलटणींत राम कदम आणि धोंडी जाधव ढिगाने होते.

शोध घरातून सुरू करावा, आणि त्यातही ट्रंकेतून. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या शिपायाला साधारणपणे दोन पदके मिळत: चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि इंद्रधनुषी फितीचे ब्राँझचे व्हिक्टरी मेडल. लढाईच्या पहिल्या टप्प्यात रणांगणावर पोचलेल्यांना १९१४चा किंवा १९१४-१५चा ब्राँझचा स्टारही मिळे. कुटुंबे पदकाची दर्शनी बाजू, राजाचा मुखवटा, पाहतात आणि पदक ठेवून देतात. माहिती असते कडेवर. नाण्यासारखे पदक उभे धरून भिंगाखाली हळूहळू फिरवले की कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे दिसतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. स्टारवर हीच अक्षरे मागच्या सपाट बाजूला असतात. ज्या चार गोष्टींपासून सारा शोध सुरू होतो, त्यांतल्या तीन इथे एका ओळीत मिळून जातात.

म्हणून पदक घासू नये. दसऱ्याला देवाची भांडी घासताना त्याच चिंचेने किंवा पितांबरीने पदकही लख्ख करण्याची घराघरांतली प्रेमळ सवय अक्षरे पुसून टाकते. काळवंडलेले पदक वाचता येते, गुळगुळीत झालेले वाचता येत नाही. खिडकीशी तिरप्या उजेडात फोनने कडेचे पाच-सहा फोटो घ्यावेत आणि पदक सुती कापडात गुंडाळून परत ठेवावे. ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचे निघाले तर कोणी हलक्या धातूची नक्कल समजू नये. ब्राँझचे मेडल मजूर आणि हमाल तुकड्यांतल्या लोकांना दिले गेले. शोधाची दिशा त्या एका गोष्टीने बदलते.

काही घरांत तळहाताएवढी जड ब्राँझची गोल तबकडी असते. तिच्यावर उभी ब्रिटानिया, शेजारी सिंह आणि चौकटीत उठावदार अक्षरांत एक नाव असते. ती लढाईत मेलेल्याच्या वारसांना पाठवलेली स्मृतितबकडी. तिच्यावर हुद्दा नसतो, नंबर नसतो, पलटण नसते. सुभेदार आणि साधा शिपाई यांत फरक नको म्हणून तसे मुद्दाम केलेले होते. घरात अशी तबकडी असेल तर तो माणूस परतला नव्हता. मग पुढचा शोध वेगळ्या आणि सोप्या वाटेने जातो. अशा तबकड्या मोडीत जाऊन वितळल्या आहेत. ज्या उरल्या आहेत त्यांची किंमत भंगाराच्या भावात करू नये, ही कळकळीची विनंती.

ट्रंकेनंतर माणसे. घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला ‘ते कोणत्या युद्धात होते?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘माहीत नाही.’ त्याऐवजी बारीकसारीक विचारावे. गाडी कुठल्या ठेसनावर धरली? परत येताना काय आणले: घोंगडी, बूट, खजूर, की एखादे तुर्की नाणे? पेन्शन आणायला कोण जायचे, कोणत्या गावाला, आणि त्यांच्यामागे ती कोणाच्या नावावर झाली? अंगावर कुठे व्रण होता? घरातल्या बायकांना वेगळे विचारावे. पेन्शनची रक्कम, नवऱ्याचे पत्र वाचून दाखवणाऱ्या मास्तरांचे नाव, जात्यावर कुणाच्या तोंडी असलेली लढाईवर गेलेल्या भावाची ओवी, असले तपशील बहुधा त्यांच्याकडेच टिकतात. ‘बसरा’ हा शब्द निघाला तर मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. ‘मिसर’ किंवा ‘सुवेझ’ निघाले तर इजिप्त आणि पॅलेस्टाइन. ‘फ्रान्स’ निघाले तर बहुतेक वेळा १९१४-१५. बोललेले ध्वनिमुद्रित करावे आणि सांगणाऱ्याचे नाव व तारीख सुरुवातीलाच मोठ्याने म्हणून ठेवावी.

जमिनीचे कागदही पाहावेत. लढाईतल्या कामगिरीबद्दल काहींना जमीन किंवा वंशपरंपरेचे मानधन मिळाले. गावाकडच्या सातबारावर, विशेषतः जुन्या फेरफार नोंदींत, ही जमीन कशी आली ते लिहिलेले असते. कर्नाटकात तेच काम पहाणी पत्रिका आणि तालुका कचेरीतल्या जुन्या वह्या करतात. सीमाभागातल्या घराण्यांना दोन्हीकडे पाहावे लागते.

मग ठरवायचे ते हे: पणजोबा कोणत्या बेंगळुरूतून गेले? १८८१ ते १९४७ या काळात इथे दोन शहरे होती. एक म्हैसूर महाराजांचे, जुनी पेठ आणि भोवतीच्या वस्त्यांचे. दुसरी छावणी, म्हणजे सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन, इंग्रज रेसिडेंटच्या ताब्यातली. कब्बन पार्कच्या एका बाजूला एक राज्य, दुसऱ्या बाजूला दुसरे. दोन्हींचे दफ्तर वेगळे राहिले. संस्थानचे कागद कर्नाटक राज्य अभिलेखागारात आहेत, तर रेसिडेन्सीचे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. कुटुंबाचा जुना पत्ता कळला तरी कोणत्या दाराशी उभे राहायचे ते ठरते. पत्ता हलसूर किंवा शिवाजीनगरच्या बाजूचा असेल तर छावणीकडे आधी पाहावे. चिकपेठ, गवीपुरम किंवा बसवनगुडीचा असेल तर संस्थानकडे.

संस्थानच्या बाजूला सर्वांत मोठे नाव म्हैसूर लान्सर्सचे. म्हैसूरच्या जुन्या शिलेदारी घोडदळातून हे इंपीरियल सर्व्हिस दल, म्हणजे इंग्रजांच्या मदतीसाठी संस्थानाने ठेवलेले सैन्य, उभे राहिले आणि त्यात मुसलमान व अरसू घराण्यांबरोबर मराठेही होते. बेंगळुरूतल्या मराठी घराण्यांनी इथे जरूर शोधावे. १९१४च्या शरदात ते इजिप्तकडे निघाले. म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांनी युद्धनिधीला ५० लाख रुपये दिले ते याच सुमारास. आधी सुवेझ कालव्याचे रक्षण, मग पॅलेस्टाइन, १९१८च्या उन्हाळ्यात जॉर्डनचे तापलेले खोरे. जोधपूर लान्सर्स आणि हैदराबाद लान्सर्स यांच्यासह ते १५व्या इंपीरियल सर्व्हिस कॅव्हलरी ब्रिगेडमध्ये होते. रेजिमेंटचे नेतृत्व बी. चामराज अरस यांच्याकडे होते.

२३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा पडले. जोधपूरच्या स्वारांनी थेट शहराकडे दौड मारली; त्यांचे मेजर दलपतसिंग तिथे पडले. म्हैसूरच्या स्वारांनी कार्मेल डोंगरावरच्या तोफांचा बंदोबस्त केला. डोंगर काबीज झाला नसता तर खालच्या दौडीची कत्तल झाली असती. १,३५० कैदी आणि १७ तोफा हाती लागल्या. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले लिओनार्ड जेनिंग्स यांनी घडवलेले तीन पुतळे याच तीन संस्थानांचे आहेत. २०१८ साली चौकाच्या नावात हैफाही आले. बेंगळुरूत जे. सी. नगर भागात म्हैसूर लान्सर्सचे स्वतंत्र स्मारक आहे, आणि हैफा दिनाला तिथे मानवंदना दिली जाते.

हैफाची कीर्ती मोठी आहे, म्हणून शोधणाऱ्याने इथे जास्त सावध राहावे. पणजोबा म्हैसूर लान्सर्समध्ये होते असे कळले की कुटुंब लगेच म्हणू लागते, ‘ते हैफाला लढले.’ कदाचित लढले असतील. पण रेजिमेंटमधला प्रत्येक जण त्या दिवशी त्या डोंगरावर नव्हता. काही रुग्णालयात होते, काही मागच्या तळावर, काही तोवर मायदेशी परतलेले. मृतांच्या आकड्यांचेही तसेच. हैफाला शेकडो भारतीय पडले असे फिरते संदेश सांगतात. प्रत्यक्षात त्या दिवशी या तुकडीचे ८ जण मृत्युमुखी पडले आणि ३४ जखमी झाले. ६० घोडे मेले. ८ हा आकडा लहान म्हणून त्या माणसांचे शौर्य लहान होत नाही, आणि आकडा फुगवल्याने कोणाचाही मान वाढत नाही. स्मारकावरच्या नावांतले बरेच जण इतर दिवशी, इतर कारणांनी गेले. म्हणून मृत्यूची तारीख समोर ठेवून रेजिमेंटच्या तारखा तपासाव्यात. १४ जुलै १९१८ म्हणजे जॉर्डन नदीकाठची चकमक, २३ सप्टेंबर म्हणजे हैफा, २६ ऑक्टोबर म्हणजे अलेप्पोजवळचे हरितान. ऑक्टोबरमधली किंवा त्यानंतरची एखादी साधी तारीख असेल तर बहुधा हिवताप किंवा त्या वर्षीचा इन्फ्लुएंझा. दमास्कसकडे गेलेल्या घोडदळात या दोन रोगांनी हाहाकार केला होता. तापाने मेलेला स्वारही लढाईतच मेला. त्याच्या कागदावर ताप असेच लिहावे.

लान्सर्सप्रमाणेच म्हैसूरचे वाहतूक दलही मेसोपोटेमियात होते. गाड्या, बैल, खेचरे सांभाळणारी ही माणसे. त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही आणि स्मारकांपाशी त्यांचे नाव क्वचितच निघते. राज्य अभिलेखागारात संस्थानच्या लष्करी खात्याच्या फायली मागताना लान्सर्सबरोबर वाहतूक दलाच्याही मागाव्यात. सी. हयवदन राव यांनी संपादित केलेले, १९२७ ते १९३० दरम्यान निघालेले म्हैसूर गॅझेटिअर आणि संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल आधी वाचून गेले तर फाइलचा विषय नेमका सांगता येतो. अभिलेखपालांना ‘माझे पणजोबा सैन्यात होते’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘१९१५ ते १९२० या काळातले मृत शिलेदारांच्या कुटुंबांच्या पेन्शनचे कागद’ असे मागितले तर त्यांनाही मदत करता येते.

छावणीच्या बाजूची कहाणी जास्त दुःखाची आहे. बेंगळुरूच्या नावाची एक पूर्ण ब्रिगेड, २७वी बेंगळुरू ब्रिगेड, १९१४ साली पूर्व आफ्रिकेला पाठवली गेली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आज टांझानियात असलेल्या टांगा बंदरावर ती उतरली आणि लेट्टो-फोरबेक या जर्मन सेनानीच्या लहानशा फौजेपुढे तिचा दारुण पराभव झाला. जहाजात आठवडेच्या आठवडे कोंबलेली, त्या मुलखाची काही माहिती नसलेली माणसे उतरताच रानात ढकलली गेली. ६१वे पायोनियर्स त्या मोहिमेत होते. ६१, ६४ आणि ८१ क्रमांकाच्या पायोनियर पलटणी दक्षिणेतल्या. रस्ते बांधणारे, खंदक खणणारे आणि वेळ पडली की बंदूक उचलणारे हे लोक. १९३३च्या सुमारास पायोनियर पलटणी मोडल्या गेल्या, त्यामुळे त्यांच्यासाठी आज जाऊन विचारावे असे केंद्र उरलेले नाही. घरातल्या पदकाच्या कडेवर पायोनियर्सची खूण निघाली तर दिल्ली आणि लंडनमधल्या युद्धडायऱ्या हाच आधार.

ब्रिगेड रोड आणि रेसिडेन्सी रोड जिथे मिळतात तिथल्या गर्दीत एक युद्धस्मारक स्तंभ आहे; मद्रास सॅपर्सचे स्मारक म्हणून तो ओळखला जातो. खरेदीला येणारे हजारो लोक रोज त्याला वळसा घालून जातात. त्याच्यावरचा मजकूर चारही बाजूंनी वाचावा, टिपून घ्यावा. सॅपर्सचे केंद्र, मद्रास इंजिनिअर ग्रुप, हलसूर तलावाशेजारी आजही नांदते आहे आणि त्याची परंपरा १७८० पर्यंत जाते. केंद्राला पत्र लिहायचे तर नंबर, कंपनी आणि वर्ष यांसह लिहावे. लष्करी केंद्रे चालू सैनिकांच्या कामात असतात. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसासाठी त्यांनी वेळ काढावा असे वाटत असेल तर मागणी नेमकी असली पाहिजे.

महाराष्ट्र, गोवा किंवा बेळगाव भागातून आलेल्या मराठी कुटुंबांचा माग बहुतेक वेळा बेळगावला जातो. तिथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. अडचण येते क्रमांकांची. पहिल्या महायुद्धात ‘मराठा लाइट इन्फंट्री’ अशी एकसंध रेजिमेंट नव्हती. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा वेगवेगळ्या पलटणी होत्या. १९२२ साली त्या एका, पाचव्या क्रमांकाच्या, रेजिमेंटमध्ये गुंफल्या गेल्या: १०३ ही पहिली झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ ही प्रशिक्षण पलटण म्हणून दहावी. पणजोबांच्या कागदावर ११० आणि आजोबांच्या कागदावर तिसरी पाचवी असे लिहिलेले असेल तर दोघे एकाच पलटणीत होते. १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी पुण्याच्या ६व्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेल्या आणि कुतच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. घोड्यांचे मांस खाऊन दिवस काढल्यावर सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली, आणि वाळवंटातून अनातोलियाकडे चालवत नेताना त्यांतली फार मोठी संख्या वाटेत मेली. कुटुंबात ‘ते कैदेत होते, खूप वर्षांनी आले’ अशी आठवण असेल तर आधी याच तीन पलटणी पाहाव्यात. एम. जी. अभ्यंकर यांचा रेजिमेंटचा इंग्रजी इतिहास ‘व्हॅलर एनश्राइन्ड’ जुन्या ग्रंथालयांत मिळतो. तो वाचूनच बेळगावला जावे.

महार सैनिकांच्या वंशजांची वाट आणखी अवघड आहे. १११वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ पर्यंत मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला स्थापन झाली. तिचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. मधली वीस वर्षे रिकामी आहेत. ज्या सरकारने गरजेला भरती केले त्याच सरकारने गरज सरताच दार लावून घेतले, त्याची किंमत आज कागद शोधताना पुन्हा मोजावी लागते. महार पणजोबांचा शोध घेणाऱ्याने फक्त १११ पाहून थांबू नये. सॅपर्स, मजूर तुकड्या आणि वाहतूक दलांच्या याद्याही चाळाव्यात.

माणूस परतला नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संगणकीय यादीत त्याचे नाव असण्याची शक्यता आहे. ही यादी इंटरनेटवर मोफत पाहता येते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू तिच्यात आहेत; १९२० साली इराकमध्ये मेलेला माणूसही तिथे सापडू शकतो. जो जिवंत परतला तो मात्र या यादीत नाही. कित्येक जण तिथे नाव न मिळाल्याने निराश होतात आणि घरची गोष्टच खोटी असावी असे मानतात. तसे मानू नये.

यादीत शोधताना नावापेक्षा गाव उपयोगी पडते. बऱ्याच भारतीय नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. जिल्हे त्या काळचे घ्यावेत. रायगड तिथे कुलाबा आहे, सिंधुदुर्ग रत्नागिरीत आहे, सांगलीची बरीच गावे साताऱ्यात, आणि कोल्हापूर व सावंतवाडी ही संस्थाने. इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिले, म्हणून जाधवचे चार-पाच प्रकार होतात आणि गावाच्या नावातला ‘ळ’ कधी ‘ल’ होतो, कधी गळून जातो. म्हैसूर मुलखातल्या मराठ्यांच्या बाबतीत एक खास अडचण आहे: पवार, शिंदे, जाधव ही आडनावे कागदावर येतच नाहीत. सुरुवातीला बापाच्या किंवा गावाच्या नावाचे आद्याक्षर, मग कृष्णोजी, राणोजी असे नाव, शेवटी राव. शोधणाऱ्याने आडनाव सोडून ‘राव’ने शोधून पाहावे, आणि ‘राव’ वेगळा व जोडून असे दोन्ही प्रकार वापरावेत.

नाव मिळाले की शेजारी स्मारकाचे नाव येते. फ्रान्समध्ये नव-शापेल, तिथे ४,७०० हून अधिक भारतीय नावे. इराकमध्ये बसरा. इजिप्तमध्ये हेलिओपोलिस, मूळ स्मारक सुवेझजवळ पोर्ट तौफीकला होते, ते १९६७ नंतरच्या लढायांत उद्ध्वस्त झाले आणि १९८० साली हेलिओपोलिसला नवे झाले. दिल्लीचे इंडिया गेट, जिथे १३,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत. पुण्यात खडकी. हिंदू सैनिकांचे दहन झाल्यामुळे त्यांना थडगे नसते. स्मारकावरचे नाव हीच त्यांची जागा.

आणि काहींना तेही नाही. बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांचे स्मरण आहे, पण तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांचे फक्त आकडे: अमुक पलटण, इतके जण. कमिशनने स्वतः नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हा भेदभाव मान्य केला. भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन मिळून किमान १,१६,००० मृतांची नावे स्मारकांवर आली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, असे त्या अहवालात आहे. कमिशनने क्षमा मागितली आणि अशी नावे शोधून जोडण्याचे काम हाती घेतले. म्हणजे कुटुंबाकडे पुरावा असेल, मृत्यूची तार, पेन्शनचा कागद, स्मृतितबकडी, तर तो पाठवून नाव घालण्याची किंवा चुकीचे स्पेलिंग दुरुस्त करण्याची मागणी करता येते. या लेखातली एकच गोष्ट कोणी केली तर ती ही करावी.

परतलेल्या माणसासाठी पलटणीची युद्धडायरी हा उत्तम आधार. प्रत्येक तुकडीचा अधिकारी रोजचा मजकूर लिहीत असे: किती मैल चाल, पाऊस, किती आजारी, किती जखमी. साध्या शिपायाचे नाव त्यात क्वचित येते, पण तो त्या दिवशी कुठे होता ते कळते. या डायऱ्या लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यू ओ ९५’ या मालिकेत आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावरही युद्धकाळातले लष्करी कागद शोधता येतात. साध्या भारतीय शिपायाची सेवापुस्तिका लंडनमध्ये मिळेल ही आशा सोडावी. ती पलटणीकडे राहत असे आणि बहुतेक नष्ट झाली. पंजाबचे लोक या बाबतीत सुदैवी: लाहोरच्या संग्रहालयातल्या जुन्या नोंदवह्यांतून सुमारे ३,२०,००० पंजाबी सैनिकांची गाववार माहिती २०२१ मध्ये खुली झाली. मुंबई इलाखा आणि म्हैसूर यांच्यासाठी असे काही हाती नाही, म्हणून गावागावांत कचेरीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर लावलेल्या ‘या गावातून इतके जण गेले, इतके मेले’ अशा संगमरवरी पाट्यांचे मोल फार. साताऱ्याजवळ अपशिंगे गाव तर नावापुढे ‘मिलिटरी’ लावते. आपल्या गावची पाटी दिसली तर तिचा फोटो काढून जागा नोंदवावी.

पाट्या आणि स्मारके टिकतीलच असे नाही. १७९१ साली कॉर्नवॉलिसने टिपूकडून बेंगळुरूचा किल्ला घेतला, त्या वेढ्यात पडलेल्यांचा एक मोठा स्तंभ शहराच्या मध्यभागी होता. १९६४ साली तो पाडण्यात आला. पाडावा की नाही यावर मते वेगळी असू शकतात, पण कोरलेला मजकूर आधी उतरवून ठेवण्याला कोणाचाच विरोध नसता. त्याच युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा श्रीरंगपट्टणपर्यंत गेल्या होत्या. ज्यांचा शोध तितका मागे जातो त्यांनी वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ वाचावा आणि मोडी शिकावी. पुण्याच्या पेशवे दफ्तराचे कागद मोडीत आहेत.

बेंगळुरूतच या कामाचा एक चांगला धडा आहे. बी. एल. राइस यांनी शतकापूर्वी छापलेल्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या याद्या घेऊन इथले काही नागरिक शिलालेख आणि वीरगळ गावोगाव शोधत निघाले. काही सापडले गटाराशेजारी, काही बांधकामाच्या राडारोड्यात. हेब्बाळचा सुमारे इ. स. ७५०चा कित्तय्याचा वीरगळ असाच २०१८ मध्ये हाती लागला आणि लोकांनी वर्गणीतून त्याला मंडप बांधला. मिथिक सोसायटी आज अशा दगडांचे त्रिमितीय चित्रण करते आहे. छापील यादी हातात, पाय रस्त्यावर, आणि जे दिसेल त्याची ताबडतोब नोंद: पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांसाठीही हीच पद्धत चालते. रविवारी सकाळी जे. सी. नगरचे स्मारक, ब्रिगेड रोडचा स्तंभ आणि महात्मा गांधी रस्त्यावरच्या होली ट्रिनिटी चर्चमधल्या भिंतीवरच्या पाट्या एका फेरीत होतात. नातवंडांना बरोबर न्यावे. कोरीव इंग्रजी अक्षरे त्यांना लवकर लागतात.

हाती लागलेले सारे एका पानावर लिहावे. प्रत्येक वाक्यापुढे ते कुठून आले ते नोंदवावे: पदकाची कड, आजीची आठवण, यादीतला क्रमांक, फाइलचा क्रमांक. जे आठवणीतून आले ते आठवण म्हणून, जे कागदातून आले ते कागद म्हणून. दोन्हींत विरोध असेल तर दोन्ही लिहून ठेवावे, पुढचा कोणी सोडवेल. मूळ कागद लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी लावू नये, फोटोच्या पाठीमागे पेनने लिहू नये. पानाच्या प्रती कराव्यात: एक घरात, एक गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, एक पलटणीच्या केंद्राला. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडियाचे लष्करी इतिहास केंद्रही महायुद्धातल्या भारतीयांवर काम करते. तिथेही एक प्रत पाठवावी, कारण त्याच पलटणीतल्या दुसऱ्या माणसाचा पणतू तिथे अशाच एखाद्या नावाच्या शोधात पत्र लिहीत असू शकतो.